सकाळी आठ ते दहा धरण गायब: आर्गोसच्या मेनूचं रोजचं दुखणं

पावसाळा लागला की माझ्या लॅपटॉपच्या वरच्या पट्टीवर, वायफाय आणि बॅटरीच्या शेजारी, एक आकडा येऊन बसतो. खडकवासल्यातून मुठेत किती क्युसेकने पाणी सोडलंय, तो. नारायण पेठेत नदीच्या अंगाला राहणाऱ्यांना याचं कारण सांगायला नको. भिडे पूल पाण्याखाली गेल्याची बातमी येईपर्यंत थांबलं, तर खालच्या पार्किंगमधल्या गाड्या वर आणायला उशीर झालेला असतो. आकड्यावर क्लिक केलं की मेनू उघडतो आणि त्यात चारही धरणांचा साठा दिसतो: खडकवासला १.९७ टीएमसीपैकी किती, पानशेत १०.६५ पैकी, वरसगाव १२.८२ पैकी, टेमघर ३.७१ पैकी, आणि तळाशी एकूण २९.१५ टीएमसीपैकी किती टक्के.

हे सगळं आर्गोस नावाच्या एक्स्टेन्शनवर चालतं. उबुंटू या लिनक्सच्या प्रकारात जो जीनोम डेस्कटॉप येतो, त्याला जोडायची ही पुरवणी. त्याचं स्वतःचं असं काहीच नाही. ठरलेल्या फोल्डरात आपण स्क्रिप्ट, म्हणजे आज्ञांची छोटी फाइल, ठेवायची. ते ती ठरावीक वेळाने चालवतं आणि स्क्रिप्ट जे छापेल ते दाखवतं. तीन हायफनच्या ओळीच्या वरचं पट्टीवर, खालचं मेनूत. मॅकवर हेच काम बिटबार करायचं, ज्याचं नाव २०२१ मध्ये एक्सबार झालं. स्विफ्टबारही त्याच वळणाचं. त्यामुळे मॅकवाल्यांनी लगेच पान बंद करू नये, निम्मी दुखणी सारखीच आहेत.

माझं दुखणं असं होतं. रोज सकाळी आठ वाजता आकडा नाहीसा व्हायचा आणि त्या जागी नुसतं फाइलीचं नाव उरायचं. दहा वाजता आपोआप सगळं पूर्ववत. हीच स्क्रिप्ट मी सोसायटीच्या सेक्रेटरी काकांच्या कॉम्प्युटरवरही टाकून दिली होती, तिथेही तेच. काका जिन्यात भेटले की विचारायचे, "अगं, तुझं धरण रोज आठला चहाला जातं का?"

मी आधी वायफायला दोष दिला. आठ ते दहा म्हणजे सगळ्या इमारतीची ऑनलाइन मीटिंगची वेळ, नेट मंद असणारच. मग वाटलं, स्क्रिप्ट ज्या वेब पानावरून आकडे उचलते तेच त्या वेळात बंद असेल. पण ब्राउझरमध्ये पान उघडत होतं. स्क्रिप्ट तपासायला वेळ मिळायचा तो रात्री जेवणं झाल्यावर, आणि रात्री टर्मिनलमध्ये, म्हणजे आज्ञा टाइप करायच्या खिडकीत, चालवली की एकदम गुणी बाळ. असं आठ-दहा दिवस चाललं.

शेवटी स्क्रिप्टच्या दुसऱ्याच ओळीत एक गोष्ट टाकली, जी पहिल्या दिवशीच टाकायला हवी होती: एक्झेक, मग दोन, मग दोनदा 'मोठं आहे'चं चिन्ह, आणि पुढे टेम्प फोल्डरातल्या एका लॉग फाइलीचा पत्ता. अर्थ इतकाच, की इथून पुढे जी काही चूक होईल ती या फाइलीत लिही. आर्गोस स्क्रिप्टचं साधं आउटपुट वाचतं. चुकांचे संदेश वेगळ्या वाटेने जातात, आणि ते पट्टीवर कधीच दिसत नाहीत. दुसऱ्या दिवशी सव्वाआठला लॉग उघडला तर दर पाच मिनिटांनी तीच ओळ: शून्य आठ हा आकडा या पायासाठी फार मोठा आहे.

भानगड अशी. सकाळी सहाच्या नोंदीला किती तास झाले, हे स्क्रिप्ट काढत होती. त्यासाठी डेट कमांडकडून तास घ्यायचा आणि त्यातून सहा वजा करायचे. डेट तास नेहमी दोन अंकी देते, म्हणजे आठ वाजता "०८". आणि बॅशच्या, म्हणजे स्क्रिप्ट ज्या भाषेत लिहिली आहे तिच्या, गणितात शून्याने सुरू होणारा आकडा अष्टमान (आठच्या पायाच्या) पद्धतीतला धरला जातो. अष्टमानात आठ आणि नऊ हे अंकच नाहीत. शून्य ते सातपर्यंत किंमत दोन्हीकडे सारखी, त्यामुळे पहाटे काही कळत नाही. दहापासून पुढे सुरुवातीला शून्य नाही, त्यामुळे तिथेही काही कळत नाही. मोडतं ते फक्त आठ आणि नऊच्या तासाला. वर सेट-ई, म्हणजे चूक झाली की थांब, असं लिहिलेलं असल्यामुळे स्क्रिप्ट तिथेच थांबायची, काहीही न छापता.

उपाय दोन. गणित करताना व्हेरिएबलच्या आधी "१०#" लिहा, म्हणजे बॅश तो आकडा दशमानातलाच समजेल. किंवा डेटला तास मागतानाच टक्केचिन्ह आणि एच यांच्या मध्ये एक हायफन घाला, म्हणजे पुढचं शून्यच येणार नाही. मी दुसरा केला, कारण सहा महिन्यांनी वाचताना तो लवकर समजतो.

याच चुकीची एक जास्त वाईट बहीण आहे. तुलना दुहेरी चौकटी कंसात केली असेल तर बॅश चूक लॉगकडे पाठवतं आणि अट खोटी ठरली असं मानून पुढे जातं. स्क्रिप्ट थांबत नाही, आकडाही दिसतो, फक्त चुकीच्या फाट्याने आलेला. एकेरी कंसात हीच तुलना नीट चालते, कारण तिथे अष्टमान मध्ये येत नाही. आणि तासाचं सोडा, महिन्याचंही तेच: महिना दोन अंकी घेऊन गणित करत असाल तर ऑगस्ट आणि सप्टेंबर हे दोन महिने पूर्णच्या पूर्ण जातील. नेमके धरणं भरायचे महिने.

रात्री हे तपासायचं असेल तर आठ वाजेपर्यंत जागू नका. तासाच्या व्हेरिएबलमध्ये हाताने "०८" भरा आणि चालवून पाहा.

आता बसवण्याबद्दल. काकांच्या मशीनवर हे सगळं पहिल्यापासून केलं, तेव्हा कुठे कुठे अडखळायला होतं ते लक्षात आलं. एक्स्टेन्शनची झिप उतरवून उघडली की एक बाहेरचा फोल्डर निघतो आणि त्याच्या पोटात खरा फोल्डर असतो, ज्याच्या नावात ॲट-द-रेटचं चिन्ह आहे. होममधल्या डॉट लोकल, शेअर, जीनोम शेल, एक्स्टेन्शन्स या वाटेवर तो आतला फोल्डर जायला हवा, आणि त्याचं नाव एका अक्षरानेही बदलायचं नाही. नाव आणि आतल्या मेटाडेटा फाइलीतली ओळख जुळली नाही, तर जीनोम त्याला ओळखच दाखवत नाही. मग लॉगआउट करून परत या. जुन्या एक्स-ऑर्ग सत्रात ऑल्ट-एफटू दाबून नुसतं आर टाइप केलं की शेल नव्याने सुरू व्हायचं. वेलँड या नव्या प्रकारच्या सत्रात ती सोय नाही. लॉगआउट, लॉगिन, आणि मग एक्स्टेन्शन चालू करायचं.

तरी दिसत नसेल तर त्याच मेटाडेटा फाइलीत शेल-व्हर्जनची यादी बघा. तुमच्या जीनोमचा आकडा त्यात नसेल तर ते चालू होणार नाही. इथे एक मोठी दरी आहे. सप्टेंबर २०२३ मध्ये जीनोम ४५ आलं आणि एक्स्टेन्शनचा कोड लिहायची रीतच बदलली. त्याआधीचं कुठलंही एक्स्टेन्शन दुरुस्त केल्याशिवाय ४५ वर चालत नाही. उबुंटू २२.०४ मध्ये जीनोम ४२ होतं, २४.०४ मध्ये ४६. म्हणजे जे लोक २२.०४ वरून २४.०४ वर गेले, त्यांनी नेमकी ही दरी ओलांडली. यादीत हाताने ४६ लिहून काम होईल असं कुणी सांगितलं तर ऐकू नका. जुना कोड चालणार नाही तो नाहीच, नव्या जीनोमसाठी सुधारलेली प्रतच घ्यावी लागते.

आणखी एक, हे काकांकडे दोनदा झालं. एकदा डेस्कटॉप कोसळला की जीनोम खबरदारी म्हणून सगळीच एक्स्टेन्शन बंद करतं. मग आपण आर्गोस पुन्हा बसवत बसतो, आणि बंद असतो तो सगळ्यांचा मुख्य खटका. एक्स्टेन्शन्सच्या ॲपमध्ये सगळ्यात वर असतो.

प्लगिनचा फोल्डर म्हणजे होममधल्या डॉट कॉन्फिगमधला आर्गोस. त्यातली कुठलीही चालवण्याजोगी फाइल म्हणजे प्लगिन. नाव टिंबाने सुरू होत असेल तर ती फाइल, आणि लपलेल्या फोल्डरातलं सगळं, आर्गोस सोडून देतं. एवढाच नियम आहे, आणि तोच बऱ्याचदा आड येतो.

काकांच्या मशीनवर स्क्रिप्ट मी पेन ड्राइव्हवरून नेली होती. पेन ड्राइव्हच्या फाइल सिस्टिमला लिनक्सच्या परवानग्या ठाऊक नसतात, त्यामुळे कॉपी झालेली फाइल चालवण्याची परवानगी घेऊन आली नाही. पट्टीवर काहीच नाही, चूक नाही, काही नाही. चमॉड प्लस एक्स या कमांडने ती परवानगी दिली आणि आली. उलट बाजूने, एडिटर सेव्ह करताना जुनी प्रत शेवटी नागमोडी चिन्ह लावून ठेवत असेल, तर त्या प्रतीलाही परवानगी असते आणि तीही प्लगिन होते. पट्टीवर दोन धरणं! काका म्हणाले, "एक पानशेतचं असेल."

परवानगी असूनही चालत नसेल, तर फाइल विंडोजवरून आली आहे का ते पाहा. विंडोजचे एडिटर ओळीच्या शेवटी एक जादा अदृश्य अक्षर ठेवतात. ते पहिल्या "#!" च्या ओळीला चिकटलं की लिनक्स "पायथन" न शोधता "पायथन आणि एक अदृश्य अक्षर" या नावाचा प्रोग्रॅम शोधायला जातं, आणि तो कुठे नसतोच. गंमत अशी की टर्मिनलमध्ये पायथन थ्री लिहून पुढे फाइलीचं नाव दिलंत तर ती व्यवस्थित चालते, कारण तेव्हा पहिली ओळ कुणी वाचतच नाही. म्हणून प्लगिन तपासताना नेहमी टिंब-स्लॅश लावून थेट फाइलच चालवा. डॉस-टू-युनिक्स नावाचं छोटं साधन हा कचरा काढून टाकतं.

फाइलीच्या नावात किती वेळाने चालवायचं तेही लिहायचं असतं: नाव, टिंब, ५एम, टिंब, एसएच, म्हणजे दर पाच मिनिटांनी. एस, एम, एच, डी म्हणजे सेकंद, मिनिटं, तास, दिवस. वेळेच्या शेवटी अधिक चिन्ह लावलं तर मेनू उघडताना प्रत्येक वेळी आणखी एकदा चालते. वेळ लिहिलीच नाही तर स्क्रिप्ट सुरुवातीला चालते, मग ढिम्म. इथे मराठी कीबोर्डवाल्यांसाठी खास सूचना. मी इथे देवनागरी आकडे लिहिते आहे, पण फाइलीच्या नावात इंग्रजी आकडेच हवेत. माझा कीबोर्ड इनस्क्रिप्ट या देवनागरी मांडणीवर होता, घाईत देवनागरी पाच पडला, आणि आर्गोसने तो वेळ म्हणून ओळखलाच नाही. आकडा आला आणि दिवसभर हलला नाही. "आज विसर्ग स्थिर आहे" असं मी दोघातिघांना सांगितलंसुद्धा.

लुकलुकणारी पट्टी

आठ-दहाचं दुखणं गेलं आणि मी शहाणपणा करायला गेले. दर पाच मिनिटांनी पानावर धडकण्यापेक्षा आलेला आकडा एका फाइलीत साठवावा, आणि ती जुनी झाली तरच नवा आणावा. फाइल कुठे ठेवावी? स्क्रिप्टच्या शेजारीच, आर्गोसच्या फोल्डरात. सेव्ह केलं आणि वरच्या पट्टीवर आकडा येतो-जातो, येतो-जातो, रिक्षाच्या इंडिकेटरसारखा. पंखा जोरात फिरायला लागला.

आर्गोस त्या फोल्डरावर पहारा देतं. आत काहीही बदललं की सगळी बटणं काढून पुन्हा मांडतं. मांडली की स्क्रिप्ट चालते. स्क्रिप्ट चालली की, आकडा नवा नसला तरी, साठवणीची फाइल पुन्हा लिहिते. फाइल लिहिली की फोल्डर बदलला. साठवणीच्या फाइलीला चालवण्याची परवानगी नाही म्हणून ती प्लगिन ठरत नाही, पण बदल म्हणून मोजली जातेच. साठवण होममधल्या डॉट कॅशमध्ये हलवली आणि पट्टी शांत झाली. लॉग फाइलही त्या फोल्डरात ठेवू नका, तोच प्रकार होईल.

शिळा आकडा

ही माझ्या मते सगळ्यात धोक्याची गोष्ट, कारण यात बिघाड दिसतच नाही. आर्गोस आधीची खेप संपल्याशिवाय पुढची सुरू करत नाही. योग्यच आहे. पण स्क्रिप्टमधलं कर्ल, म्हणजे पान आणणारं साधन, अडकून बसलं तर पुढची खेप कधीच येत नाही, आणि पट्टीवर शेवटचा आकडा तसाच राहतो, ताजा असल्याच्या थाटात. कर्लला एकूण वेळेची मर्यादा आपण घातल्याशिवाय नसते. मुसळधार पावसाच्या रात्री सगळं गाव तेच पान उघडत असतं, सर्व्हर जोडणी घेतं आणि उत्तर काही देत नाही. म्हणजे जेव्हा आकडा सगळ्यात जास्त हवा, तेव्हाच तो शिळा होण्याची शक्यता जास्त.

मॅक्स-टाइम १५ सेकंद घातला. शिवाय सगळ्या स्क्रिप्टला बाहेरून टाइमआउटची वेसण. आणि आकड्यापुढे तो किती वाजताचा आहे ते छापायला लागले. तासाभरापेक्षा जुना असेल तर तोच मजकूर करड्या रंगात. ओळीच्या शेवटी उभी रेघ देऊन कलर लिहिलं की रंग बदलतो. पानशेतचा १९६१ चा जुलै घरातल्या मोठ्यांकडून ऐकत मोठे झालेलो आपण. शिळ्या आकड्यावर निवांत झोपणं परवडत नाही.

टर्मिनलमध्ये चालतं, मेनूत नाही

या जातीची तक्रार मी सगळ्यात जास्त वेळा ऐकली आहे, आणि उत्तर बहुतेक वेळा एकच असतं. टर्मिनल उघडलं की बॅशआरसी नावाची फाइल वाचली जाते आणि आपण तिथे वर्षानुवर्षं काय काय कोंबलेलं असतं. आर्गोस मात्र स्क्रिप्ट डेस्कटॉपच्या वातावरणात चालवतं, ज्याने बॅशआरसी कधी पाहिलेलीच नाही. तुमचे पाथ (साधनं कुठे शोधायची ती यादी), तुमची टोपणनावं, तुमची भाषेची सेटिंग्ज, तिथे काहीच नाही. स्क्रिप्टमधून बॅशआरसी ओढून घ्यावी म्हटलं तर उबुंटूच्या बॅशआरसीत सुरुवातीलाच लिहिलेलं असतं की समोर माणूस बसलेला नसेल तर इथूनच परत फीर.

पाथ डॉट प्रोफाइलमध्ये, म्हणजे लॉगिनच्या वेळी वाचल्या जाणाऱ्या फाइलीत, ठेवावा हे खरं, पण त्यातही दोन खाचा आहेत. घरच्या डॉट लोकलमधला बिन फोल्डर उबुंटूची प्रोफाइल पाथमध्ये घालते, मात्र लॉगिनच्या वेळी तो फोल्डर असेल तरच. आज तिथे पहिलं साधन बसवलंत तर लॉगआउट केल्याशिवाय मेनूला ते दिसणार नाही. दुसरं, एखाद्या इन्स्टॉलरने बॅश-प्रोफाइल नावाची फाइल तयार केली असेल, तर लॉगिनची बॅश तीच वाचते आणि साधी प्रोफाइल सोडून देते. काल चालत होतं, आज नाही, आणि आपण तर काहीच केलं नाही!

मी आता हा वाद घालतच नाही. बाहेरचं प्रत्येक साधन पूर्ण पत्त्यानिशी लिहिते. स्क्रिप्ट कुठल्या फोल्डरात उभी आहे यावरही विसंबत नाही, सगळे पत्ते होमपासून देते. आणि तपासायचं असेल तर एन्व्ह हायफन आय लावून, म्हणजे रिकाम्या वातावरणात, फक्त होम आणि साधा पाथ देऊन टर्मिनलमध्ये चालवते. तिथे चालली तर बहुतेक वेळा मेनूतही चालते.

भाषेच्या सेटिंगने मात्र मला चांगलंच फिरवलं. माझ्याकडे तारखांचं रूप मराठी (भारत) ठेवलेलं आहे. त्यामुळे डेटकडे महिन्याचं नाव मागितलं की "जुलै" येतं, आणि पानावरच्या इंग्रजी महिन्याशी जुळत नाही. टर्मिनलमध्ये जुळायचं, कारण कधी काळी मी बॅशआरसीत एलसी-ऑल सी, म्हणजे सगळं साध्या इंग्रजी रूपात, असं लिहून ठेवलं होतं. मग मी तेच स्क्रिप्टमध्ये घातलं, आणि दुसरंच काहीतरी मोडलं.

कारण पानावरचे काही आकडे देवनागरीत असतात. बॅशला देवनागरी आकड्यांचं गणित येत नाही, त्यामुळे आधी ते इंग्रजीत करून घ्यावे लागतात. पहिल्यांदा टीआर हे अक्षरं बदलणारं साधन वापरलं आणि आउटपुटमध्ये निव्वळ चिखल आला. ते बाइट मोजतं, अक्षरं नाही, आणि एक देवनागरी अंक तीन बाइटांचा असतो. मग सेड या मजकूर बदलणाऱ्या साधनाची वाय कमांड वापरली, ती अक्षर ओळखते. पण कधी? भाषेचं सेटिंग यूटीएफ-८, म्हणजे देवनागरीही जाणणारं, असेल तेव्हाच. एलसी-ऑल सी केलं की तिलाही बाइटच दिसायला लागतात, आणि ती दोन्ही बाजूंची लांबी जुळत नाही म्हणून अडून बसते. शेवटी महिन्याच्या त्या एकाच डेट कमांडपुढे सी लावलं आणि बाकी स्क्रिप्ट यूटीएफ-८ वर ठेवली. खरं तर पायथन वापरलं असतं तर हा उपद्व्यापच नव्हता. पायथनचं इंट देवनागरी "२९१५" सरळ समजून घेतं, आणि १.९७ सारखे अपूर्णांकही पायथनला येतात. बॅशच्या गणितात पूर्णांकच. साठ्याची टक्केवारी मी तिथे ऑक नावाच्या साधनाकडून करून घेते.

उभी रेघ

हे काकांचं. धरण बघून त्यांना वाटलं, आपल्याला रोज सकाळी एक अभंग दिसावा. पट्टीवर पहिला चरण, मेनूत पुढचे. त्यांनी टाइप करून ठेवलेली फाइल होती, मी दहा ओळींची स्क्रिप्ट करून दिली. दुसऱ्या दिवशी तक्रार: प्रत्येक ओळ अर्धीच येते.

आर्गोसमध्ये ओळीतली उभी रेघ म्हणजे मजकूर संपला, पुढे रंग, दुवा, चिन्ह वगैरे. आणि काकांनी चरणाच्या शेवटचा दंड कीबोर्डवरच्या उभ्या रेघेनेच टाइप केलेला. डोळ्यांना "।" आणि "|" जवळजवळ सारखेच, कॉम्प्युटरला मात्र पूर्ण वेगळे. ओळीतल्या पहिल्या रेघेपुढचं सगळं आर्गोस सूचना समजून गिळत होतं. सेडने सगळ्या रेघांचे दंड करून टाकले. तसंच मजकुरात "&" किंवा "<" असेल तर ओळ बिघडते, कारण आर्गोस मजकूर मार्कअप म्हणून वाचतं; ती चिन्हं वेब पानावर लिहितात तशी लिहावी लागतात, किंवा त्या ओळीपुरतं यूज-मार्कअप फॉल्स करायचं.

अभंग आता पुरा येतो. काकांना त्याच मेनूत पालखी कुठवर आली तेही हवंय. ते मी अजून मनावर घेतलेलं नाही.